फटफटीचे वाटे

सुकराम मिस्त्री अंगणात उकिडवा बसला, इंजिनावर अंडी उबवत बसलेल्या कोंबडीकडे त्याने बराच वेळ पाहिलं आणि मग जणू तिलाच विचारलं, "पुरानी थी वैसीच बनाना है, की कुछ फेशन करना है?"

अंगणातल्या सगळ्यांनी एकदम तोंडं उघडली. ज्याची कोंबडी, ज्याचं इंजिन आणि ज्याची बायको माहेरी जाऊन बसलेली, तो कवडू तेवढा गप्प राहिला. गप्प राहणं ही त्याची जुनी खोड होती आणि बायको माहेरी बसण्याचं कारणही तेच होतं.

कवडूच्या बापाची, बकारामची, फटफटी म्हणजे एके काळी सडक अर्जुनी गावाचं नाक. लढाई संपल्यावर कामठीला पलटणीच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. बकाराम गेला होता खळ्यासाठी ताडपत्री आणायला, आणि परतला फटफटी घेऊन. ताडपत्रीचं विचारलं तर म्हणाला, "होती, पन तिले चाकं नोती." कवडूच्या लग्नात नवरदेव बापाच्या मागे याच फटफटीवर बसून गोरेगावला गेला. वऱ्हाडाच्या बैलबंड्या पोचेपर्यंत नवरदेवाचं सासरी दोनदा जेवून झालं होतं. पुढे उखाण्याची वेळ आली. नवरी लाजत लाजत नाव घेऊ लागली आणि नेमकी तेव्हाच बकारामने बाहेर फटफटी चालू केली, लोकांना आवाज ऐकवायला म्हणून. प्रेमिलाने घेतलेलं नाव सगळ्या मांडवात कोणाच्याच कानी पडलं नाही. कवडूच्याही नाही. नवऱ्याचं नाव दुसऱ्यांदा घ्यायची रीत नव्हती, तेव्हा ते राहिलं ते राहिलंच.

पुढच्या वर्षी बकाराम गेला आणि वाटणी झाली. धानाच्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, धान साठवायच्या ढोल्या वाटल्या, आणि पंच फटफटीपाशी येऊन अडले. तिघा भावांत एकाला दिली तर दोघं रुसणार. विकायचं नाव काढलं की बकारामची बायको रुख्माबाई विहिरीकडे बघायला लागायची. तेव्हा एक पंच शहाणपणाने म्हणाला, "बांधी फुटते, घर फुटते, तं फटफटीले काय झालं गा?" आणि फटफटी फुटली. थोरल्या शालीकरामने वाटे घातले. एका बाजूला दोन्ही चाकं, दुसऱ्या बाजूला हँडल, दिवा आणि भोंगा, तिसऱ्या बाजूला इंजिन, टाकी आणि सांगाडा. सीट आईला.

थोरल्यानं वाटे घालावे आणि धाकट्यानं पहिला उचलावा, ही जुनी रीत. त्यामुळे वाटे घालताना थोरल्याचा हात सरळ राहतो. सगळ्यांनी कवडूकडे पाहिलं. कवडू अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "तुमीच घ्या दोघं. उरल ते मले द्या."

शेताच्या वेळीही तो हेच म्हणाला होता आणि त्याच्या वाट्याला खडकाची बांधी आली होती. दाराआड उभ्या प्रेमिलाने दोन्ही वेळा ऐकलं. ती भांडली नाही, रडली नाही. दोन वर्षं तिने ते पोटात ठेवलं. यंदा पोळ्याला माहेरी गेली ती दिवाळी उलटली तरी परतली नाही. गोरेगावच्या बाजारातून येणाऱ्या बांगडीवालीकडून निरोप मात्र आला: "लग्नाले ज्या फटफटीवर आले, त्याच फटफटीवर आनाले यावं. एक बी वाटा कमी असन तं वेशीवरूनच वापस फिरावं."

कवडू त्या दिवशी जेवला नाही. चुली वेगळ्या झाल्यापासून आणि प्रेमिला गेल्यापासून तो वहिनीच्या, म्हणजे शालीकरामच्या बायकोच्या, सुशीलाबाईच्या चुलीवर जेवायचा, आणि ती भातावर वरण वाढता वाढता एक टोमणाही वाढायची. पण त्याला टोमण्यांचं दुःख नव्हतं. प्रेमिला संध्याकाळी दिवा लावताना काडी विझवायची ती फुंकर त्याला आठवायची आणि त्याचा जीव कासावीस व्हायचा. इतकी साधी गोष्ट आठवून रडू येतं हे कोणाला सांगायचं? म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदा एक उद्योग केला. सुकराम मिस्त्रीला बोलावून आणलं.

सुकरामने आजवर ट्रकच्या टायराखेरीज काही उघडलं नव्हतं. पण त्याची टपरी नागपूर-रायपूर सडकेवर असल्याने तो हिंदी बोलायचा, आणि हिंदी बोलणाऱ्याला इंजिन कळतं अशी गावाची ठाम समजूत होती.

"पंखा बसव," शालीकराम म्हणाला. त्याचं एक चाक विहिरीवर गडगडी म्हणून फिरत होतं आणि दुसरं शेणाच्या ढकलगाडीला होतं. "मागच्या चाकाले पट्टा लावायचा, अन् पट्ट्यावर धान उडवाचा पंखा. वारा पडला का धान तसंच पडून रायते खळ्यात. पंखा बसन, तं चाकं देतो."

"बाबाच्या फटफटीले पंखा?" मधला भैयाजी ओरडला. भैयाजीची दंडार, म्हणजे गावची नाटकमंडळी, होती आणि तो घरातही दहा हात लांबच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलायचा. "अरे, मंडईची जत्रा तोंडावर आली! आपल्या दंडारीत यम आला का लोक हासतात. काऊन? तं रेड्याच्या पोटात दोन मानसं, अन् मागचा पुढच्याले शिव्या देते. फटफटीलेच रेड्याचं मुंडकं लावा ना! हँडल म्हन्जे शिंगं. गुरगुरत येईन, डोळा पेटवून!"

"एकच डोळा?" रुख्माबाईने विचारलं. ती फटफटीच्या सीटवर बसून तांदूळ निवडत होती. वाटणीपासून ती दुसऱ्या कशावर बसली नव्हती.

"दिवा एकच हाय ना माय."

"यमाचा रेडा काना?"

"लोकाईचे पाप पाहून पाहून एक फुटला," भैयाजी म्हणाला. एवढ्या लवकर उत्तर सुचलं म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

"हो जाएगा," सुकराम म्हणाला. "पंखा बी हो जाएगा, भैंसा बी हो जाएगा."

शालीकराम भडकला. रेड्याचं मुंडकं म्हणजे पोरखेळ, असं त्याचं म्हणणं. भैयाजीचं म्हणणं, पंखा म्हणजे बापाच्या तोंडावर भुसा. सुशीलाबाई नवऱ्याची बाजू घेईल असं वाटत होतं, पण पंख्यापुढे उभं राहून सुपाने धान कोण ओतणार हे तिच्या लक्षात आलं आणि ती दिराच्या बाजूला गेली. "रेडाच बरा," ती म्हणाली, "रेड्याले मले धान चारावं लागत नाही." मग रुख्माबाई थोरल्याच्या बाजूला सरकली, कारण सून ज्या बाजूला त्या बाजूला बसायचं नाही हा तिचा नेम होता. कवडूने खाली बघत एक वाक्य जुळवलं, गिळलं, परत वर आणलं.

"बाबाच्या वेळेस होती तशीच करा," तो म्हणाला.

कोंबडीने मान वळवली. बाकी कोणी नाही.

"काय मनते तो?" रुख्माबाईने विचारलं.

"होती तशी करा मनते," सुशीलाबाई म्हणाली.

"होती तशी म्हन्जे कशी?" शालीकराम वळला. "हिरवी होती. पलटनीची."

"काळी होती!" भैयाजी.

"मी लगन होऊन आली तवा तं लाल होती," सुशीलाबाई म्हणाली.

"ते माती होती."

बापाची फटफटी धुतलेली कोणीच पाहिली नव्हती, तेव्हा तिचा रंग कोणालाच माहीत नव्हता. तिघंही शपथेवर आले. शेवटी रुख्माबाईने सूप खाली ठेवलं.

"मले पुसा. तिचा रंग धुरासारखा होता. मी तिले जातानाच पाहिली. सकाळी जाय ते जाताना दिसे, अन् वापस याची वेळ झाली का मी चुलीपाशी. मानसानं मले एक डाव बी बसवलं नाही. मने, बाईमानसाचा पदर चाकात जाते. अन् दंडारीच्या तबलजीले मातर बसवून नेत होता. तबल्यासकट!"

भैयाजीने उगीच सुकरामकडे पाहिलं.

"सीट देईन," रुख्माबाई म्हणाली, "पन पयले मी बसन. मंग तुमच्या बायका, नाही तं रेडे, ज्याले बसवाचं त्याले बसवा."

"अन् विहिरीचं चाक काढलं तं पानी कोन ओढन?" सुशीलाबाईने विचारलं.

"मी ओढन, वयनी," कवडू म्हणाला.

'होती तशी'वरूनच पुढे नंबरच्या पाटीचा घोळ निघाला. पाटीवर मध्यप्रदेशचा नंबर होता, आणि जिल्हा याच महिन्यात मुंबई राज्यात गेला होता. शालीकराम म्हणाला, परराज्याची गाडी म्हणून वाटेत धरतील. होती तशी केली तर नंबर चुकतो, आणि नंबर बदलला तर होती तशी राहत नाही. यावर भैयाजीने हात वर केले. "मनूनच तं मनतो! रेड्याले नंबर कोन पुसते?"

या मुद्द्यापुढे शालीकरामही नरमला. पंख्यालाही नंबर कोणी विचारत नाही, हे त्याला दिसलं. मघाशी एकमेकांच्या उरावर बसलेले दोघे भाऊ आता शेजारी शेजारी बसले आणि पुढून रेडा, मागून पंखा असं ठरवून मोकळे झाले. 'होती तशी' म्हणणारा एकटा कवडू उरला.

"काय गा कवडू," रुख्माबाईने विचारलं, "तू काय मनते?"

कवडूला खूप म्हणायचं होतं. प्रेमिला वेशीवर उभी राहून रेड्याच्या तोंडाकडे बघते आहे असं त्याला दिसलं. "तुमी मनान तसं," तो म्हणाला, आणि म्हणताच त्याला स्वतःची एवढी शिसारी आली की तो उठून विहिरीवर गेला आणि सुशीलाबाईसाठी नको इतकं पाणी ओढून ठेवलं.

सुकरामने फटफटी जोडली. त्यात किती दिवस गेले ते विचारू नये. जोडून झाल्यावर त्याच्याजवळ मूठभर नट-बोल्ट उरले. "ये एक्स्ट्रा कंपनीवाले देतेच है," असं म्हणत त्याने ते खिशात टाकले. पुढे बांबूच्या कामट्यांचं काळं रंगवलेलं मुंडकं, त्यातून हँडलची शिंगं, कपाळावर दिवा आणि नाकाशी भोंगा. मागे एक लांब फळी, फळीवर पंखा. मधोमध रुख्माबाईची सीट, आणि तिच्यावर तांदळातले खडे वेचून ठेवलेले अजून तसेच. कोंबडीला तिच्या अंड्यांसह टोपलीत हलवलं, पण तिच्याखालची तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पुरती निघालीच नाही. थोडी आत गेली, ती गेलीच.

टाकीत पेट्रोल ओतलं. सुकरामने लाथा मारल्या. शालीकरामने मारल्या. भैयाजीने यमाच्या आवाजात हुकूम सोडला. मग अर्ध्या गावाने ती बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, उतारावरून ढकलली. ती निमूटपणे उतरली आणि पाण्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली.

"इंजन एकदम बढिया है," सुकराम हात पुसत म्हणाला. "गियर बी फस गया है, निकलेगा नहीं, मतलब मजबूत है. फकत चालू नहीं होता."

"बैल जुपू," शालीकराम म्हणाला, आणि या घरात पहिल्यांदाच एखादी गोष्ट कोणाच्या विरोधाशिवाय मंजूर झाली.

गोरेगावला निघायची सकाळ उजाडली. शालीकरामची जोडी, चांद्या आणि मोऱ्या, लांब दोरांनी फटफटीच्या पुढे जुपली. बैलांनी मागे वळून रेड्याचं तोंड पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं. रुख्माबाई नवं लुगडं नेसून सीटवर बसली. भैयाजी टाकीवर चढला, कारण हँडल त्याच्या वाट्याचं. शालीकराम मागच्या फळीवर बसला, कासरा त्याच्या हातात, चाकंही त्याचीच. सुशीलाबाई त्याच्या शेजारी पंख्याला धरून बसली. तिला गोरेगावच्या बाजारात मिरच्या घ्यायच्या होत्या.

कवडू नवं धोतर नेसून, टोपी घालून, बायकोसाठी घेतलेल्या लाडवांची पुडी काखेत मारून उभा होता.

"अन् मी?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कवडूचा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. घराला तशी सवयच नव्हती.

"तू बाजूनं धर," शालीकराम म्हणाला. "दोन चाकाची हाय, पडन नाही तं. भैयाजीच्या पायाकडून धर, का पंख्याकडून धर. जे बाजू उरल, ते बाजू धर."

कवडूने धरली. बैल दोन पावलं चालले, पंखा फिरला आणि अंगणातली सगळी धूळ कवडूच्या नव्या धोतरावर आली. तो तोल सांभाळत चालला, आणि चालता चालता त्याला हिशेब कळला. गोरेगावपर्यंत तो असाच चालणार. वेशीवर प्रेमिला बघणार, की सगळं घर फटफटीवर बसलं आहे आणि नवरा बाजूने धरून उभा आहे. ती काहीच बोलणार नाही. परत फिरा असंही म्हणणार नाही. नुसती आत जाईल.

कवडूने हात सोडला.

फटफटी लगेच पडली नाही. आधी थोडी विचारात पडल्यासारखी थांबली, मग डाव्या अंगाला कलली, भैयाजीने "अरे अरे अरे" असं तीनदा म्हणेपर्यंत वाट पाहिली, आणि तिने सगळं कुटुंब अंगणाच्या कडेच्या तणसीच्या ढिगात सावकाश झोपवलं. पंखा गरगर फिरत राहिला आणि तणस सगळ्यांच्या डोक्यावर उडाली.

"काय करून रायला बे!" शालीकराम ढिगातून ओरडला.

"वाटा उचलून रायलो, दादा," कवडू म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता, पण निघत होता.

"वाटनी तं झाली!"

"वाटे झाले. थोरल्यानं घातले. धाकट्यानं पयला उचलाचा होता, म्या उचललाच नाही. आज उचलतो." त्याने खाली वाकून रेड्याचं मुंडकं दोन्ही हातांनी उपटलं. कामट्या कडाकड मोडल्या. मग पंखा फळीसकट ओढून काढला आणि शालीकरामच्या पायाशी नेऊन ठेवला. "हे पूरी फटफटी माहा वाटा. उरल ते तुमी घ्या."

उरलं होतं एक मुंडकं आणि एक पंखा. भैयाजी मुंडकं मांडीवर घेऊन पोरकं झाल्यासारखा बसला. मग हळूच मागे सरकला आणि एक हात पाठीमागे धरून उभा राहिला. त्या गडबडीत त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

"माय, तू तं काही सांग याले!" शालीकराम म्हणाला.

रुख्माबाई तणसीत आडवी पडून हसत होती. लुगडं गुडघ्यावर, कानात तणस, आणि ती हसत होती. बकाराम गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. "काय सांगू बापा?" ती म्हणाली. "रीत तं हायेच. उचलाले उशीर झाला, एवढंच." आणि उठून बसत तिने हात पुढे केला. "पन कबुलीचं काय झालं रे? पयले मी बसन."

कवडूने फटफटी उभी केली. "होती तशी" झाली होती का, ते कोणालाच सांगता आलं नसतं. तो पुढे बसला, आईला मागे बसवलं, शालीकरामच्या हातून कासरा घेतला. मागितला नाही, घेतला. दोन्ही पाय जमिनीला टेकवत, बैलांना हाकत, तो गावातून निघाला. रुख्माबाईने एका हाताने लेकाचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हाताने पदर, तो चाकात जाऊ नये म्हणून. ओट्याओट्यावरच्या बायका बाहेर आल्या. रुख्माबाईने एकीकडेही पाहिलं नाही. फटफटीवर बसणारी माणसं सरळ समोर बघतात, हे तिने इतकी वर्षं मागून पाहून ठेवलं होतं.

शिवेवर ती उतरली.

"कसं वाटलं, माय?"

"हाडं मोडली," ती म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. "आता जाय. सुनेले आन. मी इथंच येऊन उभी राहीन. मले हे येताना पाहाची हाय, एक डाव."

कवडू कोहमाऱ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचला, तो नेमका भर बाजारात. मिरच्यांचे, धानाचे, चपलांचे ढीग सोडून लोक त्याच्या मागे आले. सासऱ्याच्या, केवळरामच्या, ओट्यापुढे त्याने बैल थांबवले तेव्हा मागे चांगलीच जत्रा जमली होती.

केवळरामने आधी बैलांकडे पाहिलं, मग जावयाकडे. "जावईबापू, फटफटी हाय का बैलाची रेंगी?"

"फटफटी हाय, मामाजी," कवडू म्हणाला. "रेंगीले हँडल नसते."

प्रेमिला दारात आली. दारातूनच तिने एकेक वाटा बघितला.

"बैल कोनाचे जी?" तिने विचारलं.

"दादाचे."

"त्याईनं देल्ले?"

"म्या आनले."

"पुसून?"

"नाही पुसलं."

तिने पदर तोंडाला लावला. "अन् चाकं?"

"उचलली."

"हँडल? सीट?"

"हँडल उचललं. सीट मायनं देल्ली. पयले तिले बसवलं, मंग आलो."

प्रेमिला ओट्यावरून खाली उतरली. फटफटीला एक फेरी घातली आणि हँडलापाशी थांबली. "भोंगा कोठं हाय?"

कवडूने पाहिलं. भोंग्याच्या जागी नुसती लोखंडी कडी होती. भैयाजी हात पाठीमागे धरून का उभा राहिला होता, ते त्याला आत्ता कळलं, इतक्या कोसांवर. एक बी वाटा कमी असन तं वेशीवरूनच वापस फिरावं. जुना कवडू असता तर इथूनच फिरला असता, आणि बैलांचीही तीच अपेक्षा असावी, कारण चांद्याने मान घराकडे वळवली.

"भैयाजीनं ठेवून घेतला," कवडू म्हणाला. "तू चाल. दोघं मिळून उचलू."

प्रेमिला वळून आत गेली. लोक कुजबुजले. केवळरामने जमिनीकडे पाहिलं. कवडूला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती बाहेर आली, काखेत गठुडं. गठुड्यावर धूळ होती आणि गाठ चांगली मुरलेली होती. ते आज बांधलेलं नव्हतं. ते कधीचं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं होतं, हे कळलं तेव्हा कवडूच्या डोळ्यांना एकदम पाणी आलं आणि लाडवांची पुडी हातातून सुटली.

ती मागे बसली, पदर नीट खोचून. बैल हलेनात. पुढे सगळा बाजार उभा.

"भोंगा वाजवा ना," ती हळूच म्हणाली.

"नाही ना तो."

"मंग मीच वाजवतो." आणि प्रेमिलाने दोन्ही हातांचा द्रोण तोंडापुढे धरून, कवडूच्या कानावरून, बैलांच्या दिशेने आवाज काढला. "पोंऽऽऽऽ!"

चांद्या आणि मोऱ्या यांनी जन्मात असं काही ऐकलं नव्हतं. दोघंही एकदम उधळले. मिरच्यावाल्या बायका एका अंगाला झाल्या, चपला हवेत उडाल्या, आणि गियरमध्ये अडकलेलं चाक इंजिनाला ओढत सुटलं. इंजिन खोकलं. धुराच्या नळीतून आधी भसकन कोंबडीची तणस बाहेर आली. मग "फट्". मग काही नाही. मग "फट्, फट्," आणि मग बकारामच्या वेळेस करायचं तसं, जसंच्या तसं, ते गरजायला लागलं. बैलांनी मागे वाघ आहे असं समजून आणखी जोर केला. जितके ते पळत तितकी फटफटी चेव चढून मागे येई, आणि जितकी ती मागे येई तितके ते पळत.

प्रेमिलाने कवडूच्या पाठीला मिठी मारली. "थांबवा जी!" ती म्हणाली. आवाजात काही ऐकू गेलं नाही. "अजी! थांबवा!" पुढे पुलाचा कठडा दिसत होता. मग नवऱ्याचं नाव कधी ओठावर न आणणारी प्रेमिला गोरेगावच्या भर बाजारात, इंजिनाच्या वरताण आवाजात किंचाळली, "कवडूऽऽ! अरे कवडू, थांबव नाऽऽ!"

ते मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं. त्याने कासरा एका अंगाला ओढला, बैल पुलाकडे न जाता सडक अर्जुनीच्या वाटेला लागले, आणि त्याने कासरा सैल सोडला.

"काय मनली?" तो मागे ओरडला. "आवाजात काई ऐकू नाही आलं! परत मन!"